पावसात लोबेडवर पोकलेन चढवायचं आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं 20 टनी पोकलेन पुढच्या आठवड्यात चिपळूणहून कराडला हलवायचं आहे, कुंभार्ली घाटातून. लोबेड (अवजड मशीन वाहून नेणारा बुटका ट्रेलर) ठरलाय, पण त्याचे रॅम्प घासून गुळगुळीत झालेत. ओल्या लोखंडावर लोखंडी चेन म्हणजे घसरणारच, त्यात चेनच्या पट्ट्यांमध्ये लाल चिखल गच्च बसलेला. तो आधी खरवडून काढणार आहोत. रॅम्पवर लाकडी स्लीपर (जाड ओंडके) टाकावेत की जुन्या टायरचे पट्टे? स्लीपर जागचे हलू नयेत म्हणून तुम्ही काय करता?

ऑपरेटर जुना, जाणता आहे. बकेट खाली, रॅम्पवर वळवायचं नाही, पूर्ण वर गेल्याशिवाय स्विंग (मशीनचा वरचा भाग फिरवणं) नाही, हे तो पाळतो. हेल्पर मात्र रॅम्पला खेटून उभा राहून हात दाखवतो, ते मला अजिबात पटत नाही. मशीन कलंडलं तर पळायलाही वेळ मिळणार नाही. त्याने नेमकं कुठे उभं राहावं?

चारही कोपऱ्यांना वेगळ्या साखळ्या आणि बूमला (मशीनच्या पुढच्या हाताला) एक, असं बांधणार आहोत. घाटातल्या वळणांवर त्या सैल पडतात का? कुठे थांबून तपासता? शिवाय उतरवायची जागा थोडी उताराची आहे, तिथे ट्रेलरचं तोंड चढाकडे ठेवावं की सपाट जागाच शोधावी? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.