मदत हवी आहे : दोन मिनिटांत धाप लागते, ५ किमीपर्यंत कसं पोचायचं?

शिवारवाट, परभणी
वय ३६, आजार काही नाही, रोज ४ किमी चालणं आहे. पळायला लागलं की दुसऱ्याच मिनिटाला थांबावं लागतं. मधे मधे चाला असं सगळे सांगतात, पण किती पळायचं, किती चालायचं? आणि चालल्यानं दम वाढतो तरी कसा? कृषी विद्यापीठाच्या आवारातल्या रस्त्यांवर जाते. आठवड्यापासून नडगीही दुखतेय.

गोदाकाठ
ताई, तुमचा दम कमी नाही, वेग जास्त आहे. पळायला लागताच पायांना ऑक्सिजन जास्त लागतो, पण हृदय-फुफ्फुसांना तेवढा पुरवठा करायला दोनेक मिनिटं लागतात. वेग झेपण्यापलीकडचा असला तर ही तूट भरतच नाही. चालताना ती भरून निघते, म्हणून एका सकाळी एकूण पळणं जास्त होतं. आज तुमचं २ मिनिटांत संपतं. १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं असं ८ वेळा केलं तर पळणं ८ मिनिटं होतं. दम याच बेरजेतून वाढतो.

आधी ५ मिनिटं आणि शेवटी ५ मिनिटं नुसतं चाला. आठवड्यातून तीनच दिवस, मधे एक दिवस सोडून. दोन आठवड्यांनी १ ला १, म्हणजे १ मिनिट पळणं, १ मिनिट चालणं, मग २ ला १, ३ ला १, ५ ला १. जो आठवडा जड गेला तोच पुन्हा करा, पुढे सरकू नका.

बहुतेकांचं चुकतं ते इथं: धाप लागेपर्यंत पळतात आणि मग चालतात. तोवर उशीर झालेला असतो, दोन मिनिटांत श्वास जागेवर येत नाही. पहिल्या फेरीत "अजून पळता येईल" वाटत असतानाच चालायला लागा. मोबाइलवर टायमर लावा. विजेचे खांब मोजत पळू नका, त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. चालणंही झपाझप हवं, कमरेवर हात ठेवून उभं राहणं नको.

वेग ओळखायची खूण म्हणजे पळताना शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सुरुवातीला किलोमीटरला ८ मिनिटं पुष्कळ झाली. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी ३ मिनिटं १२ सेकंदांत. हे इतकं हळू वाटेल की लाज वाटेल, तरी सोडू नका. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी नवख्यांसाठी हीच पळण्या-चालण्याची पद्धत लोकप्रिय केली.

मुरूमरस्ता
नडगीचं आधी बघा. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला महिने लागतात. म्हणून दम साथ देतो आणि नडगी बोंबलते. बोटानं दाबून पाहा. आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखत असेल तर आठवडाभर फक्त चाला, मग १ ला २ पासून पुन्हा सुरू करा. एकाच टिचभर जागी हाड दुखत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा, हाडाला बारीक चीर असू शकते.

पाऊल पुढे लांब फेकू नका, टाच गुडघ्याच्या पुढे पडली की सगळा दणका नडगीवर येतो. पावलं छोटी आणि भरभर टाका. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. जमीन दाबलेल्या मुरमाची उत्तम. काळ्या रानातली वाट पावसात बुटाला किलोभर चिखल लावते आणि उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळतो.

शिवारवाट, परभणी
नडगीचा पट्टाच दुखतो, म्हणजे आठवडाभर चालणं. उन्हाळ्यात काय करायचं?

गोदाकाठ
एप्रिल-मेमध्ये सव्वापाचला निघून सहापर्यंत घरी. निघताना एक पेला पाणी, आल्यावर मीठ घातलेलं ताक. उकाड्यात तोच वेग जास्त दमवतो, तेव्हा एक पायरी मागे या, म्हणजे ३ ला १ चालू असेल तर २ ला १. चक्कर आली, छातीत दुखलं किंवा घाम येऊनही अंगावर काटा आला तर तिथंच थांबा, सावलीत बसा. छातीतलं दुखणं असेल तर लगेच दवाखाना गाठा. अंधारात समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून पळा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे मागचे दिवे बंद असतात, तेव्हा डांबरी रस्ता नकोच.

५ ला १ जमलं की किलोमीटरला ८ मिनिटं याच वेगानं ते ७ वेळा करा. ४२ मिनिटांत ५ किमी होतात.