मदत हवी आहे: न्यायाधीश न होता डिस्कव्हरी रेफ्रीची पहिली नेमणूक कशी मिळते? (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. सॅन होजेला दिवाणी वकिली करतो, कॅलिफोर्निया बारचं लायसन्स आहे. बरंचसं काम डिस्कव्हरीचंच: खटल्याआधी समोरच्या पक्षाला कुठले ई-मेल द्यायचे, कुठले वकील-अशील गोपनीयतेत मोडतात, त्यावरची भांडणं. आता कुणाची बाजू न घेता ती सोडवायची आहेत, म्हणजे कोर्टानं त्यासाठी नेमलेला डिस्कव्हरी रेफ्री व्हायचंय.

कायदा ठाऊक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 638 खाली दोन्ही पक्ष राजी असले की नेमणूक होते. 639 खाली संमती नसली तरी कोर्ट नेमू शकतं, पण मग रेफ्री शिफारस करतो, हुकूम कोर्टाचा. नावावर एकमत नसेल तर कलम 640 प्रमाणे प्रत्येक पक्ष तीनपर्यंत नावं सुचवतो, आणि घोडं अडतं ते इथंच. वकील ओळखीच्या निवृत्त न्यायाधीशांचीच नावं देतात. फी पक्षकारांच्या खिशातून जाते, तेव्हा नवख्याला कोण घेणार?

मध्यस्थीचं प्रशिक्षण झालंय, पण त्यातून तडजोडीचीच कामं येतात. वाद सोडवणारे तज्ज्ञ पुरवणाऱ्या एका खाजगी संस्थेला विचारलं, तर आधीच्या नेमणुका दाखवा म्हणाले!

घराचे हप्ते चालू आहेत, फर्म लगेच सोडता येणार नाही. फेडरल कोर्टातलं रूल 53 चं स्पेशल मास्टरपद (तिथलं अशाच प्रकारचं काम) सध्या डोक्यात नाही. ‘आधी न्यायाधीश व्हा’ हा सल्लाही नको.

ज्यांनी हे काम केलंय किंवा असा रेफ्री नेमून घेतलाय, त्यांनी सांगा: पहिल्यांदा नाव कुणी पुढे केलं, समोरच्या वकिलानं, कोर्टानं की संस्थेनं? आणि फर्मच्या अशिलांमुळे हितसंबंधांचा प्रश्न येतो, तो सांभाळून नोकरीत राहून हे जमतं का?