'बेसमेंट रॉक'ला तळखडक म्हणावं का?

अनुवादिका: आल्प्सच्या भूरचनेवरचा लेख मराठीत आणतेय. 'बेसमेंट'ला 'तळखडक' लिहिलं आणि पुढे आलं, 'माँ ब्लांचा ग्रॅनाइट हा तळखडकाचाच भाग.' संपादकांनी समासात विचारलं, "जवळपास ४,८०० मीटर उंचीचा डोंगर, आणि तळ?" शंका रास्त आहे. काय करू?

गारगोटी: तळ हा उंचीचा नाही, क्रमाचा. गाळाचे थर बसण्याआधी जो खडक तिथे होता, तो तळखडक. माँ ब्लांचा ग्रॅनाइट सुमारे ३० कोटी वर्षांचा, आल्प्सच्याही आधीच्या पर्वतरांगेतला. ती रांग झिजली, वर समुद्राचा गाळ साचला, मग भूपट्टांच्या टकरीत सगळंच उचललं गेलं आणि वरचे थर धुपून गेले. तळखडकच ठेवा.

ओळंबा: 'जोत्याचा खडक' का नको? पाया गाडलेला असतो, जोतं दिसतं. इथे तर ते उघडंच पडलंय.

गारगोटी: जोतं घडवलेलं असतं, घरासाठी. हा ग्रॅनाइट आल्प्ससाठी कुणी रचला नव्हता.

अनुवादिका: हे पटलं. लेखात 'नाइस' खडकही आहे. विश्वकोशातलं 'पट्टिताश्म' वापरू?

ओळंबा: वापराच! पट्टे असलेला दगड, शब्दातच दिसतो. 'नाइस'मध्ये मराठी वाचकाला काय दिसणार?

गारगोटी: शिकणारी मुलं नाइसच म्हणतात. शब्द जिभेवर रुळला की तो आपलाच.

ओळंबा: मग लेखातला झिर्कॉन, ते खडकातलं खनिज, तोही तसाच ठेवणार? त्याला 'गोमेद' आहे की.

गारगोटी: नाही हो! काही जुन्या पुस्तकांत तसं आहे खरं, पण रत्नांत गोमेद म्हणजे गार्नेटचा प्रकार. इथे ही गल्लत महागात पडेल, कारण खडकाचं वय झिर्कॉनच सांगतो. स्फटिक होताना तो युरेनियम सामावून घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आत सापडणारं शिसं बहुतेक युरेनियमच्या क्षयातून आलेलं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं क्षय पावायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षं. मी असा दाणा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाय. केसाच्या जाडीएवढा, मधे जुना गाभा, भोवती नंतर उष्णतेने-दाबाने खडकाचं रूपांतरण होताना वाढलेली कड. एका दाण्यात दोन पर्वतांच्या तारखा!

जरतार: मूळ फारसी 'जर', सोनं. जरी, जरतार, तसाच झिर्कॉन. तेव्हा 'जरकन' लिहा, शब्द आपल्याकडे आहेच.

गारगोटी: दागिन्यांतला जरकन बहुधा कृत्रिम, झिर्कोनियमचा ऑक्साइड. खडकातला झिर्कॉन सिलिकेट आहे.

जरतार: रसायन वेगळं असेल, व्युत्पत्ती तर तीच ना?