पोटाच्या संसर्गानंतर दूध पचत नाही: अंगावरचे दूधही थांबवावे का?

प्रश्न
माझी मुलगी दीड वर्षाची आहे. नुकताच तिला विषाणूमुळे उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. ताप उतरला, उलट्या थांबल्या, ती पुन्हा खेळूही लागली. परंतु गायीचे दूध दिले की थोड्याच वेळात पोट फुगते, गुडगुडते आणि फेसाळ, पाण्यासारखी, आंबट वासाची शी होते. शीच्या जागेभोवतीची त्वचा लालभडक झाली आहे. आजारापूर्वी तिला दूध व्यवस्थित पचत होते. रात्री ती अजून अंगावर पिते. तेही थांबवावे लागेल का, या विचाराने मी फार अस्वस्थ आहे.

प्रतिसाद १
अंगावर पाजणे मुळीच थांबवू नका. आईच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा अधिक लॅक्टोज (दुधातील नैसर्गिक साखर) असते हे खरे, तरीही अशा आजारात बहुतेक मुलांना ते सोसते आणि त्यातून मिळणाऱ्या संरक्षणाची गरज याच काळात सर्वाधिक असते.

लॅक्टोज पचवणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) लहान आतड्याच्या अस्तरावरील बारीक उंचवट्यांच्या टोकांजवळच्या पेशींत असते, आणि रोटाव्हायरससारखे विषाणू नेमक्या त्याच पेशींना इजा करतात. मग न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, पुढे मोठ्या आतड्यातील जिवाणू ती आंबवतात, आणि त्यातून वायू व आम्ल तयार होते. त्वचा लाल होण्यामागेही हेच आम्ल असते. पेशी नव्याने तयार होतात, त्यामुळे बहुतेक मुलांमध्ये हा दोष एक-दोन आठवड्यांत ओसरतो, काहींना मात्र त्याहून अधिक वेळ लागतो. याला दुधाची ॲलर्जी समजू नये. ॲलर्जी दुधातील प्रथिनांमुळे होते. अंगावर पित्त उठणे किंवा शीतून रक्त जाणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

प्रतिसाद २
आमच्या मुलाच्या वेळी आम्ही काही दिवस साधे दूध बाजूला ठेवून लॅक्टोजमुक्त दूध दिले. त्यात लॅक्टोज आधीच फोडलेले असल्याने ते चवीला किंचित गोड लागते, पण प्रथिने आणि कॅल्शियम नेहमीच्या दुधाइतकेच मिळते. दही त्याला पचले, कारण विरजणातील जिवाणू लॅक्टोजचा काही भाग पचवून देतात. नंतर साधे दूध जेवणासोबत अगदी थोडे देऊन पाहिले आणि शी घट्ट राहिली तेव्हाच प्रमाण वाढवले. दुधात पाणी घालून पातळ करण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु तो मला योग्य वाटत नाही, कारण आजारातून उठलेल्या मुलाच्या पोटात त्यामुळे पोषण कमी जाते. भात, बटाटा, अंडे असे तिचे नेहमीचे खाणे चालू ठेवा. फळांचा रस मात्र टाळा. त्यातील साखरेमुळे जुलाब वाढू शकतात.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. ओआरएसमध्येही साखर असते. ती चालेल का?

प्रतिसाद १
निश्चित चालेल. ओआरएसमध्ये लॅक्टोज नसून ग्लुकोज असते आणि ते फोडण्यासाठी लॅक्टेज लागत नाही. उलट ग्लुकोजमुळेच आतडे सोडियम आणि पाणी अधिक चांगले शोषून घेते. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच पाणी घ्या आणि वरून साखर घालू नका. जुलाब झालेल्या सहा महिन्यांवरील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना 10 ते 14 दिवस जस्त (झिंक) सुचवते. ते सुरू करण्याविषयी आणि त्याच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोला. लाल झालेली जागा कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर लावा.

सहा-आठ तास लघवी न होणे, रडताना अश्रू न येणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल पडणे किंवा उलट्या पुन्हा सुरू होणे, यांपैकी काहीही दिसले तर दुधाचा विचार बाजूला ठेवून तिला त्वरित रुग्णालयात न्या. दूध बदलूनही दोन आठवड्यांनंतर जुलाब चालू राहिले किंवा वजन घटू लागले, तर बालरोगतज्ज्ञांकडून शीची तपासणी करून घ्यावी.