मदत हवी आहे : बाबांचं जेवण आणि तपासण्या, खानापूर-बेळगाव

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात. बाबा ५८ वर्षांचे. परवा सहज तपासलं तर बीपी १५०/९६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. काकांना ५२व्या वर्षी अटॅक आला होता, म्हणून धास्ती जास्त.

डॉक्टरांनी गोळी दिली, पण जेवणाबद्दल "तेल-मीठ कमी करा" एवढंच. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. आमच्याकडे तेवढं लोणचं, पापड नि सुक्या मासळीतच जातं! त्यात दोन्ही वेळा भात. भाकरी पुढे केली की "आजारी आहे का मी?" म्हणतात. कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) बंद केलाय, निपाणीची तंबाखू मात्र सुटत नाही. ती कुणी कशी सोडवली?

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी, शुगर मोफत तपासतात, तिथे आईलाही नेणार आहे. पण ईसीजीबरोबर टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), स्ट्रेस टेस्टही (पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) आत्ताच करावी का? आणि बेळगावात मराठीत नीट समजावणारे आहारतज्ज्ञ कुणाला माहीत आहेत का? बाबांना कन्नड कामापुरतंच येतं.