जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डवरचा सोल्डर केलेला सेल: काढावा की राहू द्यावा?

साखरपेठकर
वडिलांच्या चादरीच्या कारखान्याचा हिशेब ज्या ३८६ कॉम्प्युटरवर चालायचा, तो परवा माळ्यावरून उतरवला. बोर्डवर घड्याळ आणि सेटिंग जपणारा ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियम सेल. वरून चकचकीत, पण बोर्ड तिरका धरला तर पायाशी हिरवा थर, थेट कीबोर्डच्या चिपपर्यंत गेलेला. माझं मत ठाम आहे, असा सेल धडधाकट दिसला तरी काढावा. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर आलं की बोर्डवरचे तांब्याचे ट्रॅक खातं, मशीन बंद असलं तरी. त्याजागी सीआर २०३२ या नाण्यासारख्या लिथियम सेलचा होल्डर लावावा.

रेल्वेलाइन्स
मला नाही पटत. एकेक मूळ भाग काढत गेलात तर ते मशीन वडिलांचं राहील का? आणि सीआर २०३२ चार्ज होणारा सेल नाही. बोर्ड मात्र तिथे चार्जिंगचा करंट देतो. सेल फुगेल, फुटेलसुद्धा. लावायचाच तर तेवढ्याच व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड लावा.

साखरपेठकर
डायोड टाकूनच लावणार, म्हणजे करंट उलटा जाणार नाही. शॉट्की प्रकारचा डायोड घेतला की व्होल्टेजही फारसं पडत नाही. तुम्ही सांगताय त्या सेलमध्येही तेच पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं हो! पंधरा वर्षांनी माझ्या मुलीने पुन्हा हाच थर खरवडत बसायचं का?

जुळेसोलापूर
दुरुस्तीचं काम करतो म्हणून सांगतो. सेल काढा, पण सोल्डरिंग गन टेकवून ओढू नका. बोर्ड अनेक पदरी असतो, पॅड (सोल्डर बसते ती तांब्याची टिकली) उखडला की संपलं. आधी कटरने पाय कापा, मग उरलेले तुकडे एकेक करून काढा. थरावर व्हिनेगर लावा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मशीन अजून चालू होत असेल तर सगळ्यात आधी सेटअपमधले हार्डडिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर वहीत लिहून घ्या. सेल निघाला की सीमॉस (सेटिंग साठवणारी मेमरी) ते विसरतो, आणि त्या काळच्या बऱ्याच बोर्डांना डिस्क आपोआप ओळखता येत नाही. काढलेला सेल घंटागाडीत टाकू नका, कॅडमियम विषारी आहे.

रेल्वेलाइन्स
गळलेला काढा, मान्य. पण माझा २८६ कोरडा आहे. दर सहा महिन्यांनी उघडून बघतो, तेवढं पुरे.

साखरपेठकर
काका, मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे. सेलच्या पोटाखाली पाहिलंत का कधी? रविवारी बोर्ड घेऊन या, आरसा धरून दोघं बघू.