अनुभव धागा: हरकत पाठवलीत, पुढे काय झालं?

केंद्राचा एखादा मसुदा राजपत्रात येतो आणि त्यात एक ओळ असते: साठ दिवसांच्या आत हरकती व सूचना पाठवाव्यात. बहुतेकांच्या नजरेत ती ओळ येतच नाही. ज्यांच्या आली, ज्यांनी कागद पाठवला, जनसुनावणीला गेले, संघटनेतून दिल्लीपर्यंत पाठपुरावा केला, त्यांनी इथे लिहावं. जिंकलात की हरलात याला महत्त्व नाही. नुसतं ‘सगळी सिस्टीमच सडलेली’ म्हणून पळू नका, नेमकं काय केलंत ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. २०२० चा पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा, म्हणजे ईआयएचा मसुदा. प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल ते आधी तपासायचे हे नियम. ११ एप्रिलला राजपत्रात आला तेव्हा देश कडीकुलपात होता. जनसुनावणीची नोटीस ३० दिवसांऐवजी २० दिवसांची, आणि आधी काम सुरू करून नंतर मंजुरी घेणाऱ्यांसाठी वाट मोकळी, या दोन गोष्टी मला खटकल्या. तयार ईमेल फिरत होता, खाली नाव टाकायचं आणि पाठवायचा. मी तो बाजूला ठेवून आमच्या नदीकाठच्या खडी क्रशरबद्दल लिहिलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली, आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत मसुदा द्या म्हणाले. सतरा लाखांच्या वर हरकती गेल्या आणि तो मसुदा अंतिम झालाच नाही.

पेढे वाटायचे का? थांबा. २०२१ मध्ये मंजुरीविना चाललेल्या प्रकल्पांसाठीची कार्यपद्धती साध्या कार्यालयीन ज्ञापनातून, म्हणजे मंत्रालयाने काढलेल्या सूचनापत्रातून आली. ज्ञापनावर हरकत मागवत नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि त्याच नोव्हेंबरात दोन विरुद्ध एक मताने तो निकालच मागे घेतला. म्हणून मी हल्ली मसुद्यांपेक्षा ज्ञापनांवर जास्त लक्ष ठेवते.

पुण्याहून, कचरावेचकांच्या संघटनेत काम केलेली

आमची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची. सुरुवातीला भांडण महापालिकेशी, पोलिसांशी, सोसायटीच्या वॉचमनशी. दिल्लीचे नियम वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं. पण रोज सकाळी वर्गीकरणाला बसल्यावर बाया एकच गोष्ट बोलायच्या: पॅड. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, नाहीतर तसंच उघडं, भाजीच्या देठांत मिसळलेलं. हाताने उचलून वेगळं करायचं आणि त्याच हाताने दुपारी डबा खायचा. पाणी मिळालं तर धुऊन.

मग घरोघर सांगितलं की कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही. काही सोसायट्यांनी मनापासून केलं. काही ठिकाणी बाईंनी आमच्यासमोर दारच लावून घेतलं, असल्या विषयावर जिन्यात उभं राहून काय बोलायचं म्हणे. वापरलेली पॅड पिशव्यांत भरून बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवायची मोहीमही झाली. तेव्हा मात्र वर्तमानपत्रांना एकदम रस आला.

निवेदनं, दिल्लीतल्या बैठका, देशभरच्या संघटनांबरोबर मिळून मागण्या, हे वर्षानुवर्षं चाललं. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकाची व्याख्या आली, त्यांना यंत्रणेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. आणि पॅड बनवणाऱ्यांनी प्रत्येक पॅडसोबत टाकण्यासाठी पुडी किंवा वेष्टण द्यावं, असंही नियमात आलं. आमच्या बायकांची सकाळची तक्रार भारताच्या राजपत्रात! पुडी आता पाकिटात दिसते. वापरणारे किती, ते ज्या बाया अजून वर्गीकरणाला बसतात त्यांना विचारा.

गडचिरोलीकडचा

वरच्या ताई, तुमच्याकडे पॅड, आमच्याकडे बांबू.

वनहक्क कायदा २००६ चा. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, १८०९ हेक्टरवर. हक्क मिळाला पण टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, वनखात्याकडेच. तो नाही तर तोडलेला बांबू विकायचा कसा? जंगल तुमचं पण फाटकाची किल्ली माझ्याकडे, असा प्रकार. गावाने माघार घेतली नाही. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढच्याच वर्षी केंद्राच्या नियमांत दुरुस्ती झाली, वनउपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या अखत्यारीत आला.

आमचं गाव तिथून लांब. आम्ही त्यांचं पाहून दावा केला. निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी नोंद, शोधा, म्हाताऱ्यांना घेऊन हद्द फिरा, नाला कुठून वळतो ते लिहा. सगळ्यात मोठा वाद शेजारच्या गावाशी झाला, वनखात्याशी नाही! मोहाच्या झाडांवरून. ते मिटवायला दोन्ही ग्रामसभा एकत्र बसल्या, रात्र झाली.

आणि एक, भारतीय वन कायद्यातली २०१७ ची दुरुस्ती पुष्कळ जण चुकीची सांगतात. ‘बांबू आता झाड नाही’ हे जंगलाबाहेरच्या बांबूपुरतं. शेताच्या बांधावरच्या. आमच्या जंगलातल्या बांबूला वनहक्क कायदाच कामी येतो.

गोव्यातून

एप्रिल २०२०. सगळे घरात, आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने व्हिडिओ बैठकीत मोलेच्या जंगलातल्या महामार्ग आणि वीजवाहिनीच्या कामांना हिरवा कंदील दिला. रेल्वेचा दुसरा रूळही त्याच जंगलातून जाणार होता. आम्ही चित्रं काढली, पत्रं लिहिली, प्राणी-पक्षी मोजणाऱ्या मित्रांनी कागद तयार केले. १ नोव्हेंबरच्या रात्री चांदोरला हजारो माणसं रुळांवर येऊन बसली. कुणी घुमट (मातीचं तालवाद्य) आणलं होतं, कुणी गिटार. माझी आई, जी सभेला कधी जात नाही, ती घरून चादर घेऊन आली होती बसायला.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या रुळाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. माझ्या मते रुळांवरच्या रात्रीइतकंच त्या कंटाळवाण्या कागदांनी ते घडवलं. पण फोटो रुळांवरचेच निघतात, काय करणार.

दिल्लीत नोकरी, मूळचा सोलापूरचा

शाश्वत विकास उद्दिष्टांचा भारताचा आढावा संयुक्त राष्ट्रांत २०१७, २०२० आणि २०२५ मध्ये मांडला गेला. अशाच एका आढाव्याआधीच्या बैठकीला आमच्या संस्थेतर्फे होतो. प्रत्येकाला बोलायला जेमतेम मिनिटं, सगळे नम्र, चहा उत्तम. मी दुष्काळी तालुक्यातल्या टँकरबद्दल बोललो, मान डोलावली गेली. अहवालात टँकर शोधला. नव्हता. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

डहाणूहून

दिल्लीकर, निराश नका होऊ. आमच्या तालुक्याला १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. १९९८ मध्ये वाढवण बंदर त्याच प्राधिकरणाने नाकारलं. २०२३ मध्ये प्राधिकरणाने परवानगी दिली आणि २०२४ मध्ये पायाभरणी झाली. पंचवीस वर्षं बंदर अडलं, त्या काळात आमची एक पिढी मासेमारीवर शिकून मोठी झाली. याला हार म्हणायचं की काय, आमच्या घरातच एकमत नाही.

नवीन सदस्य

आमच्या गावाजवळ खाणीची जनसुनावणी लागली आहे. आधी कधी गेलो नाही. काय करू?

धागाकर्ती

खाणीच्या ईआयए अहवालाचा मसुदा आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत बघायला ठेवावा लागतो. उद्याच जा, पानांचे फोटो काढा. विहिरी, पाणंद, शाळा यांतलं काय गाळलंय ते गावातल्यांकडून लिहून घ्या. लेखी हरकत दोन प्रतींत न्या, एकीवर पोच घ्या. आणि सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं, ते ऐकल्याशिवाय मंडपातून उठू नका. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथल्या तिथे हात वर करा. चित्रीकरण चालू असतं.